काकूंचा लकी ड्रॉ

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या या काकू म्हणजे रिटायर्ड नर्स. दर शनिवारी आम्ही दोघी तुरुंगाच्या भेटकक्षात चहा द्यायला जायचो. "कैद्यांच्या हक्कांवरच्या तुझ्या पत्रकांपेक्षा माझा चहा कडक आहे गं," असं मला टोचायच्या आणि दारावरच्या आडदांड अधिकाऱ्याला खुशाल 'बाळा' म्हणायच्या.

दारातल्या रांगेत आम्हीही असायचो. तिथे एकाची 'रँडम' झडती व्हायची, ती नेहमी काळ्या माणसाचीच. एका जमैकन आईची तर दरवेळी. एकाच मारामारीत तिचा मुलगा आत गेला, त्याचा गोरा मित्र ताकीद घेऊन घरी. आणि आता झडतीत तिची निम्मी भेट संपायची.

त्या शनिवारी अधिकारी पुन्हा तिच्याकडे वळला. मी भाषण ठोकणार, इतक्यात काकूंनी स्टीलचा डबा पुढे केला.

"बाळा, रँडम ना? आमच्या मंडळात हळदीकुंकवाला असाच लकी ड्रॉ असतो. रांगेतल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या यात घातल्यात. काढ एक."

रांग हसली. त्याने लालबुंद होत चिठ्ठी काढली. नाव काकूंचंच निघालं.

"अगं बाई, मीच का!" म्हणत त्यांनी हात वर केले. ती आई थेट मुलाकडे गेली.

मी डबा आवरायला घेतला. उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर काकूंचंच नाव होतं.