चष्म्यातला रोगी

साहेबांनी आधी माझ्या डोक्यावर प्लास्टिकची थैली घालायला लावली, मग गेमचा चष्मा. माझ्याआधी तिघींनी तो तसाच लावला होता. थैली फक्त मला.

बनारसच्या एका खाजगी दवाखान्यात मी आया आहे. रोगी उचलायचे, कूस बदलायची, संडासाला न्यायचं. कंबर न मोडता रोगी कसा उचलायचा, ते व्हिडिओ गेमवर शिकवायला साहेब आले होते. रामघाटावरच्या मराठी घरातले. फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकलं नि मला भरून आलं. घराबाहेर इथं मराठी कुठं कानावर पडते? मी म्हटलं, साहेब, मीपण मराठी. त्यांनी हसून आडनाव विचारलं. मी सांगितलं. बाप नागपूरकडचा, इथं रेल्वेत झाडूवाला होता, तेही सांगितलं. हसू गेलं. सुपरवायझरला म्हणाले, "इसके लिए थैली लाओ."

थैली कानांवर करकरत होती. चष्म्यात पलंग, पलंगावर म्हातारा. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा. चष्म्यातच पलीकडून दुसरी बाई हात लावायची. म्हाताऱ्याला वजनच नव्हतं. तरी माझे गुडघे नीट वाकले नाहीत. चुकलं म्हणून चष्म्यात सगळं लाल झालं. समोरच्या टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. हसले सगळे. साहेब जवळ येऊन मराठीत म्हणाले, "वाकणं तुम्हा लोकांच्या रक्तातच आहे. तेवढंही जमेना?"

उलट उत्तर द्यायचं सोडून मी थैली काढून तिची घडी करत बसले. ते अजून सलतं.

मग कागद आला. माझ्यासोबतच्या विमलानं न वाचता सही केली. मी वाचला. शिक्षण मिळालं, यापुढे दुखापत झाली तर जबाबदारी माझी.

"सही करणार नाही," मी म्हटलं. "गेममध्ये दुसरी बाई होती. वॉर्डात ती कुठंय?"

साहेब निवांत होते. मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं. मग मी तेच हिंदीत बोलले, मोठ्यानं. कोणी हललं नाही. विमलानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मला वॉर्डातून काढून संडास धुवायला लावलं. विमला एकटी रोगी उचलत राहिली. पावसाळा संपायच्या आत तिची कंबर गेली. तिचीच सही दाखवून तिला घरी पाठवलं. आता ती भिंत धरून चालते.

माझ्या नाही म्हणण्यानं तिचं काही वाचलं नाही. माझंही वाचणार नाही.

काल मला परत वॉर्डात बोलावलं. तोच कागद पुढं केला. मी सही केली नाही. विमलाची कंबर कुठं नि कशी मोडली, ते लिहून मी लेबर ऑफिसात देणार आहे. साक्षीला कोणी येणार नाही.

मी जाईन.