पाय ओला करून या

बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं असतं, ही गोष्ट आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना जन्मात कुणी सांगितली नसावी. कर्वेनगरच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली, आणि माझा चेहरा काकांना अजून नीट माहीत नाही, असं मी पैजेवर सांगू शकतो. मी दाढी ठेवली, काढली, जाड काचांचा चष्मा घेतला, त्यांना गंधवार्ता नाही. पण चपलेचा अंगठा शिवून आणला, की दुसऱ्याच दिवशी जिन्यात आवाज यायचा, "मास्तर, अंगठा घट्ट शिवलाय त्याने. बोट चोरून चालताय." सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पाणीपट्टीचं बोलायला त्यांच्याकडे गेले, तर बेल वाजायच्या आत आतून हाक आली, "या सेक्रेटरी. आज डावा पाय ओढताय, काय कुणाला लाथ घातलीत?" सेक्रेटरी त्यानंतर पाणीपट्टीची चिठ्ठी दाराखालून सरकवायला लागले.

काकांनी चाळीस वर्षं एका कार्यशाळेत अधू पायांच्या माणसांसाठी बूट बनवले. निवृत्त झाल्यावर लोक बागेत जाऊन मोठमोठ्याने हसतात. काका लग्नांना जायला लागले. आत मांडवात नाही, बाहेर, जिथे चपला काढतात तिथे. माझ्या पुतणीच्या लग्नात ते तासभर चपलांपाशी उकिडवे बसलेले बघून वरपक्षाला ते चोर वाटले. मी धावत जाऊन ओळख सांगितली, तर हे शांतपणे उठले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "नवरदेवाच्या बुटाची टाच बाहेरून झिजली आहे. पंचेचाळिशीत गुडघा धरणार. मुलगा चांगलाच असेल, पण घर तिसऱ्या मजल्यावर घेऊ नका." त्या व्याह्यांशी बोलताना मी आजही आधी तोलूनमापून वाक्य तयार करतो. खडकवासल्याला सगळं पुणं धरण बघायला आणि कणीस खायला जातं. काका पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे. पाण्यातून वर आलेल्या लोकांची ओली पावलं दगडावर उमटतात, ती वाळायच्या आत वाचायची, हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम. "तोंड खोटं बोलतं मास्तर, टाच बोलत नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की ऐकू येणंच बंद झालं.

त्यांची माप घ्यायची पद्धतही जगावेगळी. "पाय ओला करून या," म्हणायचे. आलेल्या माणसाला जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उभं करायचं, ओला ठसा उमटला की शिसपेन्सिलने त्याची कड आखायची आणि कोपऱ्यात नाव लिहायचं. पुरवणी चालायची नाही, तिचा गुळगुळीत कागद पाणी पीत नाही. अंक उघडून पसरला की बहुतेकांची टाच अग्रलेखावर यायची, त्यावर काका म्हणायचे, "बरं आहे, काहीतरी उपयोग झाला त्याचा." त्या ठशावरून ते रबर, बूच आणि कातडं यांची टाचेखाली घालायची गादी बनवत. काकू गेल्यानंतर त्यांच्या घरात ठशांची चळतच सोबतीला राहिली. मी कॉलेजात दिवसभर फळ्यापुढे उभा राहून शिकवणारा माणूस, माझी उजवी टाच दुखते हे त्यांनी मी न सांगता पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. "उद्या पाय ओला करून या." मी म्हणालो, "येतो." पुढली अकरा वर्षं मी "येतो" म्हणत राहिलो. एवढा शिकलेला माणूस मी, रद्दीवर पाय ठेवून इलाज करून घ्यायचा म्हणजे मला जरा हसूच यायचं.

काकांची मुलगी वाघोलीला असते, आयटीत. दोन वर्षांपूर्वी काकांचा हात थरथरायला लागला, पेन्सिलची रेघ दुहेरी यायला लागली, तेव्हा तिने धास्तावून ही कला ऑनलाइन न्यायचं ठरवलं. काका आधी भडकले. "पाय म्हणजे काय बनियन आहे का, मिडियम आणि लार्ज असायला?" पण मग त्यांनी सगळी चळत उपसली आणि महिनाभर ठशांवर ठसे ठेवून टाचांच्या तीन जाती काढल्या. बहुतेक सगळी माणसं त्या तिन्हींत बसत होती. एका कारागिराकडून गाद्या करून घेतल्या, खोकी छापली, आणि मुलीने विक्रीच्या एका साइटवर पान उघडून त्यासाठी काकांचा व्हिडिओ काढला. काका सदऱ्यात, मागे चळत, आणि पहिलंच वाक्य, "नमस्कार. तुमची टाच दुखते, कारण तुम्ही चप्पल रंग बघून घेता." मुलीने विचारलं, जरा गोड बोलाल का? तर म्हणाले, "मला विकायचं नाहीये, मला सांगायचंय. चाळीस वर्षं डॉक्टरच्या चिठ्ठीवर बूट केले. आता एकदा लोकांनी माझ्या शब्दावर टाच टेकावी, बस."

तेवढीच त्यांची इच्छा होती. तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी खाली "स्तुत्य उपक्रम" असं लिहून दोन हात जोडले आणि पुढच्या मेसेजकडे वळलो. लोकांनी साइटवर विचारलं, हे गृहस्थ डॉक्टर आहेत का? यांचं शिक्षण काय? एकाने लिहिलं, माझे आजोबा पण असंच सांगतात. घेतलं कुणीच नाही. काका रोज सकाळी जिन्यात भेटले की माझ्या पायांकडे बघायचे, मी पाय जरा भराभर उचलायचो.

मग गेल्या हिवाळ्यात माझ्या टाचेने अगदी दावा मांडला. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की डोळ्यांपुढे काजवे. मोबाइलवर शोधता शोधता एक जर्मन तज्ज्ञ भेटला. पांढरा कोट, निळे डोळे, हातात टाचेचं हाड. नुसतं बघूनच मला थोडं बरं वाटलं. त्याने शिफारस केलेली टाचेची गादी होती, आणि खाली त्याचे विचार मराठीत दिले होते. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, "तोंड खोटं बोलतं, टाच बोलत नाही. बघ, केवढा खोल विचार आहे."

"हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय हो," ती म्हणाली.

"कुठून ऐकणार? जर्मन आहे तो."

गादी आली, मी घातली, आणि आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं. मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. आपल्याकडे नुसत्या गप्पा, अभ्यास करावा तो जर्मनांनी, वगैरे. सेक्रेटरींनी लगेच लिंक मागितली. काकांनी काही लिहिलं नाही, पण ते लिहीतच नसत.

दोन दिवसांनी जिन्यात त्यांनी मला अडवलं. "मास्तर, थांबा. डावी उजव्यात घातलीये तुम्ही." मी म्हटलं, काय? "गादी हो. आतली बाजू जाड असते तिची. जर्मनाने सांगितलं नाही का?" हाताला धरून त्यांनी मला घरात नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि पंचाहत्तरीचा तो माणूस माझ्या बुटांपाशी खाली बसून गाद्यांची अदलाबदल करायला लागला. मुलगी आली होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. भिंतीशी खोकी रचलेली होती, आणि प्रत्येक खोक्यावरून तो निळ्या डोळ्यांचा गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होता.

"कोण आहे हा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

"आम्हालाही माहीत नाही," मुलगी म्हणाली. "फोटो विकत मिळतो, सर. मी दोन्ही पानं ठेवली होती, बाबांचं आणि याचं. तीच गादी, तीच किंमत, तेच शब्द. मला फक्त बघायचं होतं. मला वाटलं, थोडासाच फरक पडेल."

"एक अक्षर बदललं नाही," काका खालूनच म्हणाले. "जपानीही लावून बघितला. गुडघ्याला बरा चालतो म्हणे, टाचेला नाही. टाचेला जर्मनच लागतो लोकांना." मग म्हणाले, "लोकांना तरी कशाला नावं ठेवू? मागच्या महिन्यात मी चष्मा पुसायचं फडकं मागवलं. फडकं, मास्तर. तर त्यातही स्वित्झर्लंडचा तज्ज्ञ बघून घेतलं."

आम्ही तिघंही हसलो. हसणं संपल्यावर काय करावं ते कुणालाच कळेना.

वर येऊन मी निश्चय केला, की काकांच्या पानावर जाऊन खरंखुरं लिहायचं. हे माझे शेजारी, यांच्यासारखा जाणकार पुण्यात नाही, माझी टाच यांनी बरी केली. मन लावून लिहिलं, पाचही तारे दिले. साइटने सांगितलं, ज्यांनी वस्तू इथून घेतली आहे त्यांनाच अभिप्राय देता येतो. मग मी इथूनही घेतो म्हटलं, तर माल उपलब्ध नव्हता. काकांनी मुलीला त्या पानावरची विक्री बंद करायला लावली होती. माझ्यासाठी दुसरं पान मात्र उघडं होतं. आपल्याला ही वस्तू कशी वाटली, असं जर्मन फार अदबीने विचारत होता.

मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. ज्या माणसाने अकरा वर्षं फुकट बोलावलं, त्याचा शब्द मी ऐकला तो परक्या चेहऱ्याच्या तोंडून, आणि वर त्याच्याच देखत त्या चेहऱ्याचे गोडवे गायले. रविवारी सकाळी मी न्हाणीघरात उजवा पाय ओला केला आणि तसाच, अनवाणी, जिना उतरलो. पायऱ्यांवर माझा एकच ओला पाय उमटत गेला. काकांनी दार उघडलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "वाळला. परत ओला करावा लागेल."

त्यांनी तांब्याने माझ्या पायावर पाणी घातलं, अंक पसरला, मी अग्रलेखावर टाच टेकवली. पेन्सिल धरलेला हात इतका हलत होता, की माझ्या पायाला कड अशी उमटलीच नाही, नुसतं जाडसर धुकं आलं. मी म्हटलं, काका, आता तुम्ही सांगाल तशी गादी करा, मी तीच घालीन.

"करायला नको," ते म्हणाले. "त्याने दिली आहे ती बरोबर आहे."

मग कोपऱ्यात माझं नाव लिहून त्यांनी कागद वाळायला खिडकीत ठेवला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. "चष्मा लागला का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.