बाबांच्या चेहऱ्याचा साचा

पुण्यातल्या, अजून कुठेही नाव न झालेल्या कलाकारांना एका कलाशाळेत तीन महिने स्टुडिओ वापरायला मिळायचा. माझी निवड झाली आणि मी तोऱ्यात सांगून बसले, आमच्या पेठेतल्या माणसांच्या चेहऱ्यांचे साचे घेणार! चेहऱ्यावर प्लास्टर थापायचं, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या, घट्ट झालं की अलगद काढायचं. त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतलं की माणूस जसाच्या तसा.

पेठेने मला हिंग लावून विचारलं नाही. कोपऱ्यावरचे पेन्शनर काका म्हणाले, "मेल्यावर ये. तेव्हा सवडच सवड असते." बायका तर अशुभ म्हणून दारातच हात जोडायच्या. महिना असाच गेला. शेवटी स्टुडिओ सांभाळणारे सर म्हणाले, "सोमवारी एक तरी चेहरा दाखवा. नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, रांग लागलीय बाहेर."

त्या दिवशी जेवताना मी रडकुंडीला आले. बाबा मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. माझ्या शिल्पकलेला ते 'मातीकाम' म्हणायचे. ताकाचा भुरका मारून म्हणाले, "रविवारी मी येतो. फुकटचं गिऱ्हाईक, अजून काय पाहिजे?"

आईचा हात थांबला. "अहो, झोपेत तोंडावर पांघरूण आलं तरी दचकून उठता तुम्ही! लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही कधी!"

"काहीतरीच तुझं," बाबा म्हणाले आणि अजून भात मागितला.

आईचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. पण स्टुडिओ हातचा जाण्याचीही भीती होती. शनिवारी मी प्लास्टरची नवी पिशवी आणून ठेवली.

रविवारी बाबा टेबलावर आडवे झाले. भुवयांना, मिशीला मी व्हॅसलीन चोपडलं. "मिशी उपटलीस तर उद्या आडतीवर जायची सोय नाही," ते म्हणाले. मी बजावलं, "गुदमरलं तर हात वर करा. मी विचारलं की बोट हलवा. बाकी अजिबात हलू नका, साचा बिघडेल." त्यांनी डोळे मिटले. मी प्लास्टर लावत गेले. कपाळ, डोळे, गाल, ओठ. बघता बघता टेबलावर बाबा राहिलेच नाहीत, बंडी घातलेलं एक पांढरं काहीतरी राहिलं. पेठेतल्या बायका कशाला घाबरत होत्या ते मला आत्ता कळत होतं.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

बोट हललं नाही.

"बाबा! बोट हलवा!"

हात तसाच पडलेला. छाती हलतेय का ते मला दिसेना, माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दोन्ही हातांनी मी प्लास्टर ओरबाडलं. साचा मधोमध फुटला, तुकडे जमिनीवर पडले. बाबांनी डोळे उघडले.

"अगं बये, डोळा लागला होता माझा! केलंस ना वाटोळं?"

मी तिथेच फतकल मारून रडायला लागले. जाऊ दे तो स्टुडिओ, म्हटलं, घरी चला. बाबांनी मिशीतले प्लास्टरचे कण झटकले आणि पुन्हा आडवे झाले. "उद्या सोमवार आहे. लाव. ह्या खेपेला झोपत नाही, बोट वाजवत राहतो."

आणि खरंच, सगळा वेळ ते टेबलावर बोट वाजवत राहिले. टक, टक, टक. मधेच आवाज मंद व्हायचा. माझे हात पुढे जायचे, मी ते मागे घ्यायची. शेवटी साचा अख्खा निघाला. बाबा तोंड धुऊन म्हणाले, "झालं तुझं मातीकाम? आता चहा पाज."

चहा पिऊन ते घरी गेल्यावर मी साचा भरला. संध्याकाळी उघडला तर बाबांच्या पापण्या गच्च आवळलेल्या होत्या, भुवयांमध्ये खोल आठ्या, ओठ दाबून धरलेले. मला वाटलं, मघाशी माझ्या रडण्याने घाबरले असतील.

मग कोपऱ्यात पडलेल्या फुटक्या साच्याकडे लक्ष गेलं. डाव्या डोळ्याचा तुकडा शाबूत होता. उरलेलं प्लास्टर मी त्यात ओतलं. डोळा लागलेल्या माणसाची पापणी सैल असते. ही मात्र दुसऱ्या साच्यातल्यासारखीच गच्च आवळलेली होती. झोप कसली, भीतीने आखडून त्यांचं बोटसुद्धा हललं नव्हतं. आणि हलू नका, साचा बिघडेल, हे मीच सांगितलं होतं.

सोमवारी सरांनी चेहरा उचलून उजेडात धरला. "काय हो, घाबरले होते का हे?"

"हो," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."