स्वयंपाकघरातून ऐकलेली चांदी

गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. खरं नाव आठवायला पोस्टमनलाही डोकं खाजवावं लागे. दुर्मीळ झालेली चांदीची जुनी नाणी जमवायची आणि लोकांनी आणलेली पारखून द्यायची, हा त्यांचा उद्योग. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर लहानसा काटा, भिंग आणि संगमरवराचा एक तुकडा. नाणं आधी तोलायचं, मग काठावरचे दाते बघायचे आणि शेवटी त्या दगडावर टाकून आवाज ऐकायचा. साच्यात ओतलेलं खोटं नाणं बद्द वाजतं. टाकसाळीत ठोकून पाडलेलं खणकन बोलतं.

आता गंमत बघा. हा शेवटचा निकाल भिंगवाले देतच नसत. तो यायचा आतून, स्वयंपाकघरातून. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. वहिनी नाण्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. हात पिठात, तोंड भिंतीकडे, आणि तिथूनच म्हणायच्या, "अहो, बद्द आहे हे." किंवा नुसतं, "खरं आहे हो." गिऱ्हाईक हसायचं, भिंगवालेही मिशीतल्या मिशीत हसायचे, पण वहिनींचा निकाल कधी फिरला नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपलं अंगवळणी पडलं होतं.

मग एकदा त्यांचा जुना दोस्त, कोपऱ्यावरचा घड्याळजी, आजोबांच्या पेटीतलं एक नाणं घेऊन आला. त्या सालची नाणी टाकसाळीने जेमतेम पाडली होती. ते एक नाणं बघायला भिंगवाले जन्मभर झुरत होते. त्यांनी घाईघाईने काटा पुढे ओढला. पण काट्यावर नाणं हलकं भरलं. भिंगाखाली धरलं तर दाते वेडेवाकडे, कुणीतरी हाताने कोरल्यासारखे. झालं, तोंड उतरलं. दगडावर टाकलं ते नावापुरतंच.

"खरं आहे हो," आतून आवाज आला.

"खोटं आहे," भिंगवाले म्हणाले.

"नीट ऐका ना. खरं आहे."

आधीच जीव हिरमुसलेला, त्यात दोस्तासमोर खोडून काढलं. भला माणूस, पण जीभ सुटली. "तू तुझ्या भांड्यांकडे बघ. नाण्यातलं मला कळतं."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

बस. ना भांडण, ना अबोला. चहा वेळेवर येत राहिला, सदऱ्याची बटणं लागत राहिली. नाण्याबद्दल मात्र त्या पुन्हा अवाक्षर बोलल्या नाहीत. भिंगवाले मुद्दाम नाणं जोरात आपटायचे, दोनदा वाजवायचे, कान आत लावून बसायचे. आतून नळाचा आवाज यायचा. 'अगं, सांग ना' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण माणसाचं नाक मधे येतं, ते कुणी कापून ठेवायचं? ते तीन शब्द राहिले ते राहिलेच. वहिनी गेल्या.

त्यानंतरही ते नाणं टाकून थांबायचे. गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा विचार करतोय. म्हातारा विचारबिचार काही करत नव्हता, वाट बघत होता. तो आवाज एकदा ऐकायला मिळाला असता तर सगळा संग्रह त्याने फुंकून टाकला असता.

परवा घड्याळजीने दुकान आवरलं. खणात ते नाणं सापडलं, ते घेऊन आला. "हे तुझं खोटं नाणं. ठेव आठवण म्हणून."

भिंगवाल्यांनी सवयीने भिंग उचललं. या वेळी घाई नव्हती, म्हणून काठ सगळा फिरवून बघितला. वेडेवाकडे दाते बोटभर जागेतच होते. बाकी काठ सुबक, टाकसाळीचा. कुणीतरी कधीकाळी गळ्यात घालायला डाख देऊन कडी जोडली असणार, पुढे ती काढून कानशीने काठ घासला, दाते पुन्हा कोरले. चांदी गेली, वजन गेलं. नाणं अस्सल होतं. त्या दिवशी नेमकी तेवढीच बोटभर जागा त्यांच्या भिंगाखाली आली होती, आणि वजन हलकं बघून त्यांनी पुढे फिरवलंच नव्हतं.

"खरं आहे," ते म्हणाले.

घड्याळजी हळूच म्हणाला, "वहिनी म्हणाल्या होत्या."

"हो."

भिंगवाले उठले. "मी आत जातो. तू ते दगडावर टाक."

ते ओट्यापाशी, वहिनी उभ्या राहायच्या तिथे जाऊन उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. जन्म या घरात गेला, पण नाणं वाजताना इथे कधी उभे राहिले नव्हते. बाहेर नाणं पडलं. टेबलाशी बसलं की दगडाची टकटकही कानात येते. इथे भिंतीने ती अडवली होती. आत आली ती फक्त चांदी, स्वच्छ, लांबलचक. कुणालाही कळलं असतं.

"काय रे?" घड्याळजीने बाहेरून विचारलं.

भिंगवाल्यांनी ओट्यावर हात टेकले.

"खरं आहे हो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पुन्हा वाजव."