चोवीसची गोटी

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं फिटरचं काम करतोय. पंप, गिअरबॉक्स, पाइपांचे जोड, खोलायचं ते खोलायचं आणि आवळायचं ते आवळायचं. आमच्या खात्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठवतात. संरक्षक चष्मा घातला का, बूट घातले का, यावरून मी फार कटकट करतो म्हणून. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली.

कंपनीत दोनेक वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन आली. दिसायला ड्रिल मशीनसारखी, पण ती नट नुसता फिरवत नाही, फिरवता फिरवता आतून हातोडीसारखे ठोके मारत राहते. जो नट सोडवायला पूर्वी दोघांनी पाइप लावून लोंबकळावं लागायचं, तो ही गन तीन-चार सेकंदांत सोडवते. मला ती इतकी आवडली की मी घरासाठी एक घेतली. बायको म्हणाली, "बदलापूरच्या दोन खोल्यांत तू कसले नट खोलणार?" मी म्हटलं, लागते कधी कधी.

गोट्या घ्यायला उल्हासनगरला गेलो. गोटी म्हणजे नटावर बसणारा तो गोल तुकडा, एका बाजूने गनमध्ये अडकतो. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ. त्यांनी जाड, काळ्या गोट्यांचा संच समोर ठेवला. त्यात चोवीस नंबरची नव्हती.

"मंगलवार को आ जाओ, मँगवाता हूँ," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तब तक चमकवाली मत लगाना. वो हाथ के लिए है."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. चकचकीत गोटी हाताने पाना मारण्यासाठी असते. ती कडक पण ठिसूळ असते, गनचे ठोके तिला सोसत नाहीत. मी मान हलवली आणि निघालो. मंगळवारी काही मला जायला जमलं नाही.

माझी थोरली बहीण बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर दिलेली आहे. घरची भातशेती आहे. त्या वर्षी भात झोडून झालं होतं, पोती भरून ओटीवर रचलेली होती आणि ती गिरणीवर न्यायची तर पॉवर टिलरमागच्या ट्रॉलीचं एक चाक करकरायला लागलं होतं. दाजींचा फोन आला, "मेव्हणे, बेरिंग गेलंय वाटतं. चाक काय निघंना." आमची सुट्टी शुक्रवारी. मी गन पिशवीत टाकली आणि सकाळीच गेलो.

चाकाचे नट गंजून बसले होते. माप बघितलं तर चोवीस नंबरचं. पिशवीत माझ्या हातपान्याची जुनी चकचकीत गोटी होती. मी ती हातात घेतली तेव्हा दुकानदारांचं बोलणं आठवलं. खरंच आठवलं. पण मनात म्हटलं, चार तर नट आहेत. चष्मा कंपनीच्या लॉकरमध्ये होता. कंपनीत मी चष्म्याशिवाय गनला हात लावू दिला नसता कुणाला. इथे अंगण होतं, कोंबड्या फिरत होत्या, ताई चुलीवर भाकऱ्या टाकत होती. इथे काय होणार, असं वाटलं.

पहिला नट सुटला. दुसराही सुटला. तिसरा हलेना. दाजी चाक धरून उकिडवे बसले होते. ते आणखी वाकले आणि म्हणाले, "फिरतोय का बघतो." मी ट्रिगर दाबून धरला. गन टरटरत राहिली, आणि मग कट् असा आवाज झाला. लहानसाच. गोटी उभी फाटली होती.

दाजी मागे बसले. त्यांनी उजव्या डोळ्यावर हात नेला आणि बोटांतून रक्त यायला लागलं.

ताई धावत आली, हातात पाण्याचा तांब्या. "धू दे आधी! हळद आणते!"

"हात लावू नकोस," मी ओरडलो. "दाजी, चोळू नका, दाबू नका. हात खाली घ्या."

कंपनीत प्रथमोपचार शिकवतात तेव्हा हे सांगतात. डोळ्यात काही घुसलं असेल तर दाबलं की आणखी आत जातं. घरात चहाचे कागदी कप होते. एक कप मी डोळ्याला न टेकवता त्याच्याभोवती ठेवला आणि पट्टीने चिकटवला. माझे हात हे सगळं बरोबर करत होते. छातीत मात्र एकच ठोका पडत होता, डोळा गेला, डोळा गेला.

शेजारच्या माणसाची रिक्षा होती, तो एमआयडीसीतल्या पाळीच्या लोकांना ने-आण करतो. त्याने लगेच काढली. दाजी मधे, एकीकडे ताई, एकीकडे मी. जंगलातली वळणं येत होती आणि प्रत्येक खड्ड्याला मी दाजींचं डोकं धरत होतो. मग ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कंपनीत लोकांना शिकवतोस ना?"

मी कपाची पट्टी सुटली नाही ना ते बघितलं.

बदलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला रांगेतून थेट आत घेतलं. पहिला प्रश्न त्यांनी केला, "चोळलंय का? धुतलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"हे बरं केलंत."

त्यांनी कप काढला, बधिर करायचे थेंब टाकले, रक्त हलकेच टिपलं आणि पापणी वर उचलली. पिवळं औषध टाकून निळ्या दिव्याखाली बराच वेळ बघत राहिल्या. ताईने माझं मनगट धरलं होतं. रिक्षातल्या त्या वाक्यानंतर तिने मला पहिल्यांदाच हात लावला होता, आणि इतका घट्ट की नखं रुतली.

डॉक्टरीणबाईंनी हात समोर धरला. "किती बोटं?"

दाजी जरा थांबले.

"दोन," ते म्हणाले. "आणि एकात अंगठी हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. आत काही गेलं नाही ना, याची खात्री करायला त्यांनी एक्स-रे काढायला पाठवलं. त्यात तुकडा दिसला, भुवईच्या हाडावर अडकलेला. त्यांनी तो काढून गॉजवर ठेवला. तांदळाच्या कणीएवढा होता. पापणी वरवर चिरली होती, म्हणून एवढं रक्त आलं. भुवईला टाके पडले, डोळा जसाच्या तसा होता.

"अर्धा इंच खाली आला असता तर मी काहीच करू शकले नसते," त्या म्हणाल्या. "आणि चष्मा असता तर माझ्याकडे यावंच लागलं नसतं."

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. समोर भाजीवाल्या बसल्या होत्या, रिक्षावाले भाड्यावरून हुज्जत घालत होते, आणि ते सगळं मला इतकं छान वाटत होतं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थोड्या वेळाने ताई चहा घेऊन आली. शेजारी बसली. "पी," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "ताई, माझी चूक आहे. गोटी चुकीची होती आणि मला माहीत होतं." ती म्हणाली, "माहीत आहे मला. चहा पी."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे उभे असताना मी हे सांगितलं. ज्याच्या कटकटीला लोक वैतागायचे त्याने स्वतः काय केलं ते, गाळून काही ठेवलं नाही. कुणी हसलं नाही. संध्याकाळी उल्हासनगरला जाऊन काळी चोवीसची गोटी आणली.

टाके निघाल्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा पाड्यावर गेलो. आदल्या दिवशी फोन करून दाजींना नटांवर तेल सोडून ठेवायला सांगितलं होतं. या वेळी पिशवीत तीन चष्मे होते. ताईने आपला चष्मा घातला आणि भाकऱ्या सोडून अंगणात येऊन उभी राहिली.

"चाकाला दगड लावला का?"

"लावला."

"गोटी बदलतोयस, मग बॅटरी काढलीस का?"

मी काढली, तिला दाखवली, गोटी बसवली, खेचून बघितली आणि बॅटरी परत लावली. हे सगळं मीच तिला दवाखान्यातून परतताना सांगितलं होतं आणि ती एकही शब्द विसरली नव्हती. दाजींना तिने विहिरीपर्यंत मागे पाठवलं. मी आधी लांब दांड्याच्या पान्याने उरलेले नट हाताने हलवून घेतले, मग गन दोन्ही हातांनी धरून सरळ टेकवली. तिसरा नट काही क्षण हटून बसला आणि मग मुकाट्याने सुटला, पाठोपाठ चौथाही.

नवीन बेरिंग घातलं. नट आधी बोटांनी फिरवून बसवले, गनने थोडे आवळून घेतले, आणि शेवटची आवळणी हातपान्याने केली, कारण गन किती आवळते ते हाताला कळत नाही. शेवटचा नट उरला तेव्हा ताई म्हणाली, "मला दे."

तिने पदर कमरेला घट्ट खोचला, हातातल्या बांगड्या वर सरकवल्या, पाय रोवले. "अशी?"

"अशीच. ट्रिगर हळू."

गन टरटरली तशी ती दचकली, पण सोडली नाही. विहिरीवरून दाजी ओरडले, "अगं पुरे, बोल्ट तुटंल!" ताईने गन खाली ठेवली, बॅटरी काढून माझ्या हातात दिली आणि पाना घेऊन तो नट स्वतः आवळला.

दुपारी पोती ट्रॉलीत चढली. चाकाचा काही आवाज नव्हता. दाजी टिलर घेऊन गिरणीच्या रस्त्याला लागले आणि वळणावर त्यांनी मागे वळून, दोन्ही डोळ्यांनी, आमच्याकडे बघितलं.