नंद्याला आवतन

राळेगावच्या पुढे एक गाव होतं. एस.टी. दिवसातून दोनदा यायची, आणि पाऊस पडला की तेवढीही नाही. त्या गावात एक होते शिमोन, एक होते याकोब आणि एक होता नंद्या. शिमोन म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. याकोबबुवा म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार पाहणारे; त्या हुद्द्याला आमच्यात 'वडील' म्हणतात. आणि नंद्या म्हणजे मामाजींचा बैल. तिघांत शहाणा कोण, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

चार माणसं देवाचं नाव घेऊन एका सतरंजीवर बसली की भांडणं होतात, आणि भांडणं जुनी झाली की त्यांचे किस्से होतात. लोणच्यासारखं आहे ते. घालताना डोळ्यांत पाणी, मुरल्यावर तोंडात पाणी! आमची तर घरं अकरा आणि मतं बारा. बारावं मत मार्थाकाकूंचं, म्हणजे याकोबबुवांच्या बायकोचं. मग बरणी भरायला किती वेळ लागणार?

याकोबबुवा जिनिंगमध्ये काट्यावर होते. आयुष्यभर कापूस तोलला, ती सवय रविवारीही सुटायची नाही. कोण उशिरा आलं, कोणाच्या हातात बांगड्या जास्त, कोण 'आमेन' हळू म्हणालं, सगळं तोलून ठेवायचे. मामाजी त्यांच्या अगदी उलटे. "प्रभूनं मोकळं केलं ना बापा!" हे त्यांचं पालुपद. आणि गंमत अशी, की दोघं लहानपणचे दोस्त, दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच नाल्यात.

मार्थाकाकू म्हणायच्या, "पानी एकच होतं वं. पन एक आखडून निंगाला अन् एक पसरून!"

*

मामाजींचं मोकळेपणही काही साधं नव्हतं हं! माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या माळकरी घरातल्या. बाप्तिस्मा झाला, माळ उतरली, पण मटणाच्या वासानं त्यांना मळमळायचंच. पहिल्या नाताळात मामाजींनी पातेलं त्यांच्यासमोर आणून ठेवलं.

"खाय! आपन आता मोकळे झालो. न खाशीन तं लोक म्हनतीन, जुनंच धरून बसली."

आत्याबाई भाकर थापत होत्या. थापता थापताच विचारलं, "मी मोकळी झाली काय?"

"झाली ना!"

"मंग न खायले बी मोकळीच हावो ना मी?"

मामाजींनी गुपचूप पातेल्यावर झाकण ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरी भाज्या दोन व्हायच्या आणि जेवणाआधीची प्रार्थना एक.

*

त्या वर्षांत सगळ्यांचीच घरं बदलत होती. माझा सख्खा भाऊ बुद्धाला शरण गेला, मी लग्न होऊन येशूच्या घरात आले. भाऊ म्हणे, "आता आपल्याले दिवाळी नाई." इकडे याकोबबुवाही म्हणत, "विश्वासनाऱ्याले दिवाळी नाई."

पण बरोबर दिवाळीच्या चार दिवसांत भावाची सायकल माझ्या दारात! मी करंज्यांची ताटली पुढे करायची. तो गंभीर तोंड करून म्हणायचा, "सन नाई हं बाई हा. मी फक्त भेटाले आलो."

आणि दुसरी करंजी उचलायचा.

एकदा नेमके याकोबबुवा आले. म्हणाले, "हे काय चालू हाये?" मी म्हटलं, "काही नाही जी, भेट चालू हाये." त्यांनी ताटलीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. म्हणाले, "पाहुना आला तं भेटाव लागते." आणि भेटले. तीन करंज्या भेटले!

*

रविवारी कामाला हात लावायचा नाही, हा याकोबबुवांचा रूल. एका हिवाळ्यात त्यांच्याच अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग उघडा पडला होता आणि ते शेजारच्या, मंडळी जमायच्या खोलीत प्रार्थना करत होते. त्यांची प्रार्थना आदामापासून सुरू व्हायची. त्या दिवशी नोहापर्यंत आले, आणि बाहेर आभाळ गडगडलं!

सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण कान अंगणात. बुवा काही थांबेनात. शेवटी मार्थाकाकू मधूनच मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन!"

सगळी मंडळी "आमेन!" म्हणून पळाली. बुवांनी डोळे उघडले तेव्हा समोर फक्त सतरंजी.

तेही आले मागून. हात पाठीमागे बांधलेले, पण तोंड सुरू. "तो कोपरा धर! अवं, बारदान आन! तिकडून ओढ बे!" कापूस वाचला. मामाजी घाम पुसत विचारतात, "काय वडीलसाहेब, आज काम तं नाई ना केलं?"

"मी कोठी हात लावला?"

"हात नाई लावला जी. पन तोंडानं दोन क्विंटल उचलला!"

*

आता नंद्या. मामाजींनी त्याला कळंबच्या बाजारातून आणला तो नावासकटच. याकोबबुवा म्हणाले, "नंदी म्हंजे महादेवाचं वाहन. आपल्या मानसाच्या गोठ्यात हे नाव चालनार नाई." मीटिंग भरली. बैलाच्या नावासाठी मीटिंग! ठरलं, आजपासून याचं नाव बायबलातलं, नथनेल.

मामाजी म्हणाले, "मंग बाप्तिस्मा बी देऊन टाका. बुडवाले मात्र तुम्ही या!"

आठ दिवसांनी नंद्या बुवांच्याच तुरीत शिरला. बुवा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून ओरडतात, "नथनेल! ए नथनेल!" नंद्या तूर खातोय. मान वर करायला तयार नाही. शेवटी मामाजींनी लांबून नुसतं "नंद्या, हो रे" म्हटलं, तर हा शहाण्यासारखा बाहेर.

"याले नवं नाव समजत काहून नाई?" बुवा चिडले.

मामाजी म्हणाले, "नाव बदलून सोभाव बदलत असता, तं यादवचा याकोब अन् शामरावचा शिमोन होऊन आपन दोघं कवाचेच संत झालो असतो!"

तरी बुवांनी हट्ट सोडला नाही. पुढे कित्येक वर्षं ते त्याला नथनेलच म्हणत. आणि त्या नावाला नंद्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं जरा जड गेलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं चोळून शेकतात. वर्षभर जू ओढून कातडं सोललेलं असतं ना! आणि शेकता शेकता त्याच्या कानात जेवणाचं आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी आणि पुरणाची पोळी.

मामाजी पूजा करत नव्हते. कुंकू नाही, नारळ नाही. पण खांदे शेकायचे आणि आवतन द्यायचे. त्या वर्षी याकोबबुवा नेमके रस्त्यानं चालले होते. त्यांनी ऐकलं.

रविवारी सगळ्यांसमोर उभं केलं. "शिमोन्या, जनावराले आवतन देतं तू? आवतन एकच, प्रभूच्या मेजाचं! माफी माग."

"कोनाची? बैलाची?" मामाजी म्हणाले. "अरे, वर्षभर राबते तो माह्यासाठी. त्याले एक दिवस जेव म्हनलं, तं प्रभूले राग येईन काय?"

"माफी माग, नाई तं तुले मेजाचं आवतन बंद."

मामाजींनी माफी मागितली नाही. प्रभूभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव मोडून वाटतात त्याला, त्यांची जागा गेली. पण माणूस घरी बसला नाही. दर रविवारी यायचे आणि उंबऱ्यात बसायचे, चपलांच्या शेजारी. महिन्यातून एकदा पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, यवतमाळहून पाव घेऊन यायचे, पाव मोडायचे, आणि ताटली बुवा फिरवायचे. शेवटच्या रांगेपर्यंत यायचे, आणि उंबऱ्यापासून दोन हातांवरून परत फिरायचे. पाळकसाहेब भला माणूस. "तुम्ही दोघं मिटवा बुवा" म्हणायचे आणि चारची एस.टी. पकडायचे.

असं दोन वर्षं चाललं. पावाच्या रविवारी मामाजी घरी येऊन ताटावर बसायचे नाहीत. "भूक नाई" म्हणायचे. बडबड्या माणूस, पण संध्याकाळपर्यंत गोठ्यात नुसता बसून राहायचा. एकदा विहिरीवर मी मार्थाकाकूंना हे सांगितलं.

त्यांनी घागर खाली ठेवली. म्हणाल्या, "कोनाले सांगू नोको वं. आमचे बुवा बी त्या दिवशी जेवत नाई."

*

श्रावणातला रविवार. रात्रभर पाऊस. एस.टी. नाल्याच्या पलीकडे थांबली आणि पाळकसाहेब पलीकडेच अडकले. चिखलातून गाडी काढील असा बैल गावात एकच. मामाजींनी नंद्याला आणि त्याच्या जोडीच्या बैलाला जुंपलं आणि साहेबांना घेऊन आले.

साहेब उतरले, धोतर पिळायला लागले. पिशवी गाडीतच, बसायच्या साटीवर. मामाजींनी बैल सोडले. आणि पाहतात तो काय, नंद्याचं तोंड पिशवीत! कागदासकट पाव गेला होता.

आत मंडळी जमलेली. साहेबांनी खाली मान घालून सांगितलं, "पाव... बैलानं खाल्ला."

याकोबबुवांचं तोंड लालभडक. "कोन्या बैलानं?"

उंबऱ्यातून आवाज आला. "माह्या. माह्या वाटचा खाल्ला असंन जी त्यानं. मले तं तसाही भेटत नव्हता."



साहेब म्हणाले, "कोणाच्या घरी भाकर झाली आहे का?"

झाली होती ती फक्त आमच्याकडे, मामाजी सकाळीच गाडी घेऊन निघाले म्हणून. मी धावत गेले, फडक्यात ज्वारीची भाकर घेऊन आले. बुवा म्हणतात, "पावाच्या जागी भाकर? असं कोठी लिहिलं हाये?"

साहेब नेहमी मऊ बोलायचे. त्या दिवशीही मऊच बोलले. "शास्त्रात भाकरच लिहिली आहे, बुवा. पाव आपण आणला."

भाकर मोडली गेली. बुवा ताटली घेऊन निघाले. पहिली रांग, दुसरी, शेवटची. उंबऱ्यापासून दोन हातांवर आले आणि थांबले. ताटलीत एकच तुकडा उरला होता, आणि बुवांनी स्वतः अजून घेतला नव्हता. मामाजी चपलांकडे पाहत बसलेले.

"सरक," बुवा म्हणाले.

आणि आपल्या पांढऱ्या धोतरासकट त्या ओल्या चपलांमध्ये बसले! तुकड्याचे दोन केले.

"घे."

"वडीलसाहेब, मी माफी..."

"घे म्हनलं ना! भाकर तुह्याच घरची हाये."

मामाजींनी हात पुढे केला. तुकडा खाली पडू नये म्हणून बुवांनी खालून ओंजळ धरली.

*

त्यानंतर पोळा आला. आदल्या संध्याकाळी मामाजी जोडीचा बैल धुवायला नाल्यावर गेले होते. नंद्याला आधीच धुऊन गोठ्यात बांधलं होतं. मी मागच्या भिंतीआड गोवऱ्या रचत होते. कोणीतरी खाकरलं, म्हणून फटीतून पाहिलं.

याकोबबुवा! हातात पळसाच्या पानावर लोण्याचा गोळा. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी नाही असं वाटलं त्यांना. मग बाह्या वर केल्या आणि नंद्याच्या खांद्याला लोणी चोळायला लागले. काट्यावरचा माणूस तो, बैलाची सवय नाही. घाबरत घाबरत, पण पुष्कळ वेळ चोळलं. नंद्या रवंथ करतोय. मान त्या बाजूला.

"नथनेल," बुवा हळूच म्हणाले.

नंद्यानं शेपटीनं माशी हाकलली.

बुवांनी पुन्हा रस्त्याकडे पाहून घेतलं. मग वाकून त्याच्या कानाशी गेले.

"नंद्या," म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

आणि नंद्यानं मान वळवली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पुरण जरा जास्तच घातलं. दोन वर्षांनी आमच्या घरी आवतनाचे पाहुणे दोन होते. एक गोठ्यात, एक ओसरीवर, मामाजींच्या शेजारी पांढऱ्या धोतरात.