पाटावरची वाळू

कार्डिफच्या पलीकडे वाळवंट आहे म्हटलं की लोक हसतात. हसू देत. समुद्रकाठच्या त्या वाळूच्या टेकड्यांत उंट सोडून मी सगळं पाहिलंय. दर उन्हाळ्यात तिथे मेळा भरायचा. विकायचं काही नाही, नुसतं वाटायचं, आणि शेवटच्या संध्याकाळी लाकडाचा माणूस जाळायचा. ज्वाळा ग्लासगोहून दिसत, असं मी निदान ग्लासगोच्या लोकांना तरी सांगतो.

नियम एकच: मागे काही ठेवायचं नाही, बरोबर काही न्यायचं नाही. पण एका वर्षी तो माणूस राख होऊन कोसळला आणि बायकोचे हात सवयीने चालले. गणपती विसर्जनानंतर आपण आणतो तशी तिने तिथली मूठभर वाळू उचलली आणि मेडनहेडला आमच्या घरी आणून पाटावर ठेवली.

ती गारच होईना. डिसेंबरात घर तापवणारा बॉयलर बंद पडला, तेव्हा आम्ही पाटाभोवती बसून चहा प्यायलो. सकाळी हॉलमध्ये वाळूची अनवाणी पावलं उमटलेली असत. सगळी पाटाकडे येणारी. परत गेलेलं एकही नाही.

पुढच्या वर्षी मेळा अवाढव्य झाला होता. तंबूंना एसी, कॉफीला कार्ड मशीन, आणि जाळायला लोखंडाचा माणूस. गॅसवर पेटणारा, कधीच न संपणारा. मेळा सुरू करणारी वेल्श म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"जीव गेला यातला," ती म्हणाली. "गर्दीमुळे नव्हे. कुणी उचलून नेल्यासारखा गेला. नाही सापडला, तर हे माझं शेवटचं वर्ष."

"अरे, गाडीतून पाट घेऊन ये," बायको मला म्हणाली. घरी एकटा नको, म्हणून तिने तो आणलाच होता.

म्हातारीने वाळूत बोट घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"परत ओतू का इथे?" बायकोने विचारलं.

"इथे?" तिने लोखंडी माणसाकडे पाहिलं. "नको. तुमची बाग केवढी आहे?"

सवयीप्रमाणे मी एकरांत सांगितलं.

या उन्हाळ्यात म्हातारी तंबू घेऊन आली. आमच्या बागेत खरं तर दोन खुर्च्या मावत नाहीत. तंबू मात्र मावला. संध्याकाळी मी तिला चहा द्यायला निघालो, तर पलीकडे आणखी तंबू होते. चालत राहिलो. कुंपण यायला हवं होतं तिथे आलं नाही. पायाखाली गवत नव्हतं, उबदार वाळू होती. मागे पाहिलं, तर आमच्या किचनचा दिवा टेकडीआड मिणमिणत होता.

तिकडून बायकोची हाक आली, "अरे, अजून किती कप टाकू?"

अनवाणी माणसं येतच होती. मी सांगितलं, "पातेलं मोठं घे."